माळावरची सायकलवाट मालकाने अडवली, तर काय करावे?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. सोलापुरातील आपला दहा-बारा जणांचा गट गेली 3 वर्षे तुळजापूर रस्त्याच्या बाजूच्या एका खाजगी माळावर माउंटन बाइक चालवत आहे. सुरुवातीला मालकांपैकी धाकट्या भावाने तोंडी होकार दिला होता. आता थोरल्या भावाने वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या आहेत, एके ठिकाणी आडवा चर खोदला आहे आणि पुन्हा दिसलात तर बघून घेईन असे बजावले आहे. 3 वर्षांच्या वापरामुळे आपल्याला काही हक्क मिळतो का, तहसीलदारांकडे अर्ज करून वाट खुली करून घेता येईल का, आणि वर्षाला काही रक्कम देऊ केली तर प्रश्न सुटेल का, असे आपण विचारले आहे.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नकारार्थी आहेत. तिसऱ्याचे उत्तर पैसे कशासाठी आणि कोणत्या स्वरूपात दिले जातात यावर अवलंबून आहे. सोलापूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांत सायकलवाटा आखण्याचे आणि त्यासाठी जमीनमालकांशी बोलण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे. त्या अनुभवावरून मला असे दिसते की आपली अडचण काट्यांची किंवा चराची नाही. थोरल्या भावाला ज्याची भीती वाटते, ते आपल्यापैकी कोणी त्याला विचारलेलेच दिसत नाही.

आधी हक्काचा विषय मार्गी लावतो, कारण तो डोक्यात असेपर्यंत पुढचे बोलणे नीट होणार नाही. दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याचा वहिवाटीचा हक्क भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 यानुसार मिळतो. त्याच्या कलम 15 प्रमाणे ती वाट 20 वर्षे उघडपणे, शांततेने, अखंड आणि हक्क म्हणून वापरलेली असावी लागते. जमीन सरकारी असेल तर ही मुदत 30 वर्षांची आहे. आपली 3 वर्षे या हिशेबात कुठेच बसत नाहीत, आणि 20 वर्षे झाली असती तरी दोन अडचणी उरल्याच असत्या. हा हक्क माणसाला मिळत नाही, त्याच्या जमिनीला मिळतो. शेजारी आपले शेत असेल आणि तिथे पोहोचण्यासाठी वाट लागत असेल, तर तो विचार होतो. आपल्या गटाची तिथे एक गुंठाही जमीन नाही. दुसरे म्हणजे आपण धाकट्या भावाला विचारून जात होता, आणि परवानगीने केलेला वापर कितीही वर्षे चालला तरी तो हक्काने केलेला वापर ठरत नाही. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे थोरल्या भावाची समजूत घालण्यासाठी हीच उपयोगी पडणार आहे.

तहसीलदारांचे अधिकार मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 चे कलम 5 आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चे कलम 143 यांतून येतात. पहिल्यात शेताकडे किंवा चराईकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या रस्त्यातील अडथळा काढण्याची तरतूद आहे, आणि त्यासाठी अडथळा झाल्यापासून 6 महिन्यांत दावा करावा लागतो. दुसऱ्यात शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठी इतरांच्या बांधावरून वाट देता येते. दोन्ही तरतुदी कसणाऱ्यासाठी आहेत. छंदासाठी फिरणाऱ्याला त्यांचा आधार नाही. अर्ज केलात तर तो फेटाळला जाईल, पण त्याआधी त्याची नोटीस थोरल्या भावाच्या हातात पडेल, आणि ही सायकलवाली मंडळी जमिनीतून कायमची वाट पाडायला आली आहेत हा त्याचा संशय त्याच्या दृष्टीने सरकारी शिक्क्यानिशी खरा ठरेल. तो अर्ज करू नये.

त्याच कारणाने काट्या बाजूला सारू नयेत आणि चर बुजवू नये. नुसता प्रवेश हा प्रत्येक वेळी गुन्हा ठरत नाही. भारतीय न्याय संहिता, 2023 च्या कलम 329 मध्ये फौजदारी अतिक्रमणासाठी गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू लागतो. परंतु मालकाने स्पष्ट मनाई केल्यानंतर त्याने घातलेला अडसर उपटून आत जाणाऱ्याला माझा हेतू निर्मळ होता हे सांगणे जड जाते.

आता मूळ दुखण्याकडे येतो. गावाकडे वाट कशी पडते हे शहरातून गेलेल्या माणसाला सहसा दिसत नाही. आधी एक पायवाट उमटते. ती मळलेली दिसली की शेजारचा शेतकरी तिच्यावरून बैल नेतो, एखाद्या वर्षी ट्रॅक्टर नेतो, आणि पुढच्या पिढीत भाऊबंदकीचे भांडण लागले की ही वाट पूर्वापार आहे असे सांगणारे दोन साक्षीदार उभे राहतात. तहसील कार्यालयात रस्त्याच्या दाव्यांची तारीख असलेल्या दिवशी एकदा जाऊन बसावे; या भीतीत किती तथ्य आहे ते तासाभरात कळेल. त्यात आपला माळ महामार्गाच्या जवळचा. तिथे आज ना उद्या प्लॉटिंग होईल, कोणी गोदामासाठी जागा विचारील, अशी आशा प्रत्येक मालकाला असते. उपग्रहाच्या छायाचित्रात जमिनीच्या मधून एक पांढरी रेघ दिसली, तर घेणाऱ्याचा वकील पहिला प्रश्न तिच्याबद्दलच विचारतो.

या भीतीच्या खाली आणखी एक जुनी भीती आहे, ती कुळाची. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1948 आणि त्याखालील 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन यांनी कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक होण्याचा मार्ग दिला. तो न्याय मोठा होता आणि तो व्हायला हवा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्या घरांतील जमीन त्यात गेली, आणि ज्या घरांना ती मिळाली, त्या दोन्ही घरांत एक धडा मुरला: दुसऱ्याला आपल्या जमिनीत येऊ दिले, त्याच्याकडून वर्षाला काही घेतले आणि त्याचा कागद केला, तर जमीन हातची जाऊ शकते. म्हणूनच आजही पुष्कळ जमिनी तोंडी बोलीवर वाट्याने किंवा खंडाने दिल्या जातात. आपण वर्षाला रक्कम आणि सहीचा कागद घेऊन गेलात, तर आपल्या मते ते सभ्य वर्तन असेल. थोरल्या भावाला मात्र त्यात नेमके तेच दोन पदार्थ दिसतील ज्यांच्यापासून वडिलांनी त्याला दूर राहायला सांगितले होते.

या भीतीवरचा उपाय कागदच आहे, फक्त तो वेगळ्या जातीचा असावा लागतो. सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम 52 मध्ये ज्याला परवाना म्हटले आहे, तो जमिनीत कसलाही हितसंबंध निर्माण करत नाही. एरवी जे बेकायदा ठरले असते ते मालकाच्या अनुमतीने करण्याची ती मोकळीक असते, आणि मालक ती परत घेऊ शकतो. मालकाने अशी लेखी मोकळीक दिली, तर त्या वापरातून आपला हक्क पुढे कधीच उभा राहू शकत नाही, कारण वापर परवानगीचा होता याचा पुरावा त्याच्याच कपाटात राहतो. उलट तो काणाडोळा करत राहिला आणि वर्षे उलटली, तर आपल्या टायरांनी मळलेल्या वाटेचा आधार उद्या शेजारी घेऊ शकतो. मी मालकांशी बोलताना हे कलमांच्या भाषेत सांगत नाही. एवढेच म्हणतो: "मालक, आम्ही न विचारता फिरलो तर आमच्या आडून दुसरा कोणी वाट मागेल. तुम्ही लिहून ठेवा की ही मंडळी माझ्या मर्जीने येतात आणि मी नको म्हटलं की बंद. म्हणजे वाट कुणाचीच होत नाही, जमीन तुमची ती तुमचीच." बहुतेक वेळा इथेच समोरच्याचे खांदे थोडे सैल पडतात. सगळ्यांचेच पडतात असे नाही.

मात्र हे कोणाशी बोलायचे, हा प्रश्न आपल्या प्रकरणात आधी सोडवावा लागेल. धाकट्याने हो म्हटले आणि थोरल्याने चर खोदला, यावरून मला वाटते की जमीन सामाईक खात्यावर असावी. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावरून त्या जमिनीच्या गटाचा सातबारा आणि खात्याचा आठ-अ पाहावा. भोगवटादारांत किती नावे आहेत, बहिणींची नावे लागली आहेत का, इतर हक्कांत बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का, जमीन वर्ग 1 ची आहे की वर्ग 2 ची, हे तिथे कळते. वर्ग 2 च्या जमिनीच्या हस्तांतरणावर बंधने असतात. साधी मोकळीक म्हणजे हस्तांतरण नव्हे, पण असा मालक कोणत्याही कागदाला बिचकणारच, म्हणून तिथे मी वकिलाला मसुदा दाखवल्याशिवाय सही मागत नाही. जमीन देवस्थान इनामाची निघाली, तर कसणाऱ्या पुजाऱ्याचा किंवा वहिवाटदाराचा होकार पुरेसा नसतो, विश्वस्तांकडे जावे लागते. भूनकाशा या सरकारी नकाशांच्या संकेतस्थळावर त्या जमिनीच्या हद्दीही पाहून घ्याव्यात. त्या भागात थोडे पुढे गेले की सोलापूर जिल्हा संपतो आणि धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर तालुका सुरू होतो, त्यामुळे एकाच वाटेचे दोन तुकडे दोन तहसिलांत असू शकतात.

सातबारा जे सांगत नाही ते गावात विचारावे. नाव पुण्यात नोकरी करणाऱ्याचे असते, पण जमीन वाटेकरी कसतो. आणि रोज तिथे असणारा वाटेकरी दुखावला गेला, तर पुण्याच्या मालकाची सही असूनही आपली वाट चालत नाही. त्याशिवाय एक माणूस कोणत्याच उताऱ्यावर नसतो, तो म्हणजे मेंढरे घेऊन येणारा धनगर. मेंढ्या बसवण्याचा बोलीचा व्यवहार शेतकऱ्याशी झालेला असतो. लेंडीखतासाठी कळप रात्र-रात्र शेतात ठेवतात. उतारावरून वेगाने आलेल्या सायकलीने कळप उधळला, तर त्या दिवशी आपण दोन माणसांचे नुकसान केलेले असते. मेंढरे दिसली की सायकलवरून उतरायचे, कुत्र्यांच्या आणि कळपाच्या मध्ये शिरायचे नाही आणि मेंढपाळाने हात केल्यावरच पुढे जायचे, हा आमच्याकडचा नियम आहे. याला अपवाद ठेवलेला नाही.

भेटायला दोघांनीच जावे. दहा जण घट्ट कपडे आणि हेल्मेट घालून बांधावर उभे राहिले की ते मोर्च्यासारखे दिसते. साध्या कपड्यांत, शक्यतो गावातील एखाद्या ओळखीच्या माणसाबरोबर, आणि शेतातील घाईची वेळ टाळून जावे; ज्वारीच्या काढणीत कोणालाही थांबवून ठेवू नये. आपल्या बाबतीत आधी धाकट्याला भेटून त्याला पुढे काढू नये. थोरल्याकडे थेट जावे, वयाचा मान ठेवून बोलावे आणि भावाने परवानगी दिली होती हे वाक्य पहिल्या भेटीत उच्चारूच नये. ते खरे असले तरी त्याचा अर्थ घरात भांडण लावणे असाच होतो. पहिल्या भेटीत आपण मागणी करायची नाही. त्याचे काय नुकसान झाले ते विचारायचे आणि ऐकून घ्यायचे.

उत्तर बहुधा बांधाचे निघेल. एका माळावर मला एका मामांनी जे सांगितले ते इथे देतो: "तुमी वरनं उडी मारून जाताव, आन् हितनं पानी फुटतंय की ओ." सोलापूरच्या शेतीचा सगळा हिशेब या एका वाक्यात आहे. आपल्याकडे सप्टेंबरचा पाऊस मोठा असतो; तोच पाऊस बांधांमागे अडवून जमिनीत मुरवायचा आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी काढायची, अशी इथली रीत आहे. त्यासाठी शेतात कंपार्टमेंट बंडिंग, म्हणजे बांध घालून पाडलेले कप्पे, आणि माळाच्या उतारावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे एकाच पातळीत खणलेले चर, काढलेले असतात. सायकलवाल्याला तो मातीचा उंचवटा म्हणजे उडी घेण्यासाठी तयार ठेवलेली जागा वाटते. पण एकाच जागेवरून पन्नास वेळा टायर गेला की तिथली कड दोन-चार बोटे खाली बसते, जोराच्या पावसात सगळे पाणी त्याच खाचेतून वाट काढते आणि सकाळपर्यंत तिथे ओघळ पडलेली असते. त्या ओघळीबरोबर माती जाते, ओल जाते, आणि खालच्या वावरातील ज्वारी पोटरीत येण्याआधीच पिवळी पडते.

म्हणून वाट आखताना मी पहिली फेरी सायकल न घेता चालत मारतो, आणि तीही जमल्यास पाऊस पडून गेल्यावर, म्हणजे पाणी कुठून जाते ते दिसते. बांध आणि समतल चर ओलांडायचेच असतील तर जिथे दगड रचून पक्का केलेला सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडण्याची जागा, आहे तिथूनच, आणि तेही उतरून, सायकल उचलून. उतारावर वाट सरळ खाली सोडायची नाही. इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनने प्रचलित केलेले दोन ठोकताळे इथेही लागू पडतात: वाटेचा सरासरी चढ 10 टक्क्यांच्या आत असावा, आणि डोंगरउताराचा जो चढ आहे त्याच्या निम्म्यापेक्षा वाटेचा चढ जास्त नसावा. निम्म्याचा नियम मोडला की पाणी वाट ओलांडून खाली जाण्याऐवजी वाटेवरूनच धावू लागते. ठराविक अंतरावर वाटेला छोटा उलटा चढ दिला की तिथे पाणी बाहेर पडते. आपल्या माळाचा उतार मंद असल्याने 10 टक्क्यांची अडचण क्वचित येते. निम्म्याचा नियम मात्र मंद उतारावरच सर्वांत जास्त मोडला जातो, कारण तिथे सरळ जाणे सोपे वाटते.

जमिनीचा पोत पाहून दिवस ठरवावेत. मुरमाड माळ पावसानंतर लवकर वापरण्याजोगा होतो. काळी जमीन तशी नाही. ती ओलीत फुगते, टायरला गोळे होऊन चिकटते, आणि ओलीत पडलेली चाकोरी वाळली की विटेसारखी घट्ट होते, ती कुळवाला जड जाते. टायरला माती चिकटत असेल तर त्या दिवशी काळ्या रानात पाऊल टाकायचे नाही. हंगामाचे म्हणाल तर रब्बीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. त्या काळात पिकाच्या कडेने जाणारा तुकडा बंद ठेवून फक्त पडीक माळावरचा भाग वापरण्याची तयारी आपणहून दाखवावी. काढणीनंतर रान मोकळे असते, पण मार्चपासून टिटवी, धाविक, चंडोल हे पक्षी उघड्या माळावर जमिनीवरच अंडी घालतात, तेव्हा आखलेली वाट सोडून फिरू नये. रात्रीची फेरी पूर्णपणे वर्ज्य समजावी. मोटारी आणि केबल चोरीला जाण्याच्या घटनांमुळे अंधारात रानात हलणारा उजेड दिसला की लोक काठ्या घेऊन बाहेर पडतात, आणि त्यांचे काही चुकत नाही. शिवाय कठडा नसलेल्या विहिरी आणि रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारा दिवसासुद्धा सहज दिसत नाहीत.

आता कागदाविषयी. तो एका पानाचा, मराठीत आणि मालकाला वाचून दाखवता येईल असा असावा. त्याचे नाव भाडेपट्टा, करार किंवा हक्क असे काही न ठेवता नुसते परवानगीपत्र ठेवावे. गट क्रमांक, वाटेचा हाताने काढलेला नकाशा, कोण येणार, कोणत्या महिन्यांत आणि कोणत्या वेळेत येणार, हे त्यात लिहावे. ताबा मालकाचाच आहे, कोणताही मोबदला ठरलेला नाही, गटाला वहिवाटीचा, कुळाचा किंवा अन्य कोणताही हक्क मिळत नाही आणि पुढे तो सांगितला जाणार नाही, मालक कारण न देता केव्हाही मनाई करू शकतो, ही वाक्ये ठळकपणे यावीत. मुदत 11 महिन्यांची किंवा एका हंगामाची ठेवावी. दरवर्षी पुन्हा विचारायला जाण्याचा त्रास होतो, पण तोच त्याचा फायदाही आहे. खातेदारांपैकी जितक्यांच्या सह्या मिळतील तितक्या घ्याव्यात. निदान दोन्ही भावांच्या तरी हव्यातच.

एक वाक्य सहसा सगळे विसरतात. सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम 60 प्रमाणे परवानाधारकाने परवान्याच्या आधारे स्वतःच्या खर्चाने कायम स्वरूपाचे बांधकाम केले, तर मालकाला परवाना रद्द करण्यात अडचण येऊ शकते. म्हणजे आपण हौसेने सिमेंटचा रॅम्प किंवा लोखंडी पूल उभारला, तर मालकाची भीती आपणच खरी केली असे होते. म्हणून कायम स्वरूपाचे काहीही बांधणार नाही, दगड-मातीचे जे काम होईल ते मालकाचे समजले जाईल आणि मालकाच्या सांगण्यावरून ते मोडून जागा पूर्ववत केली जाईल, असे लिहून द्यावे आणि तसेच वागावे. जमीन विकली गेली तर त्याच अधिनियमाच्या कलम 59 प्रमाणे नव्या मालकावर ही परवानगी बंधनकारक राहत नाही. ही गोष्ट आपल्या गैरसोयीची असली तरी मालकाला आवर्जून सांगावी; प्लॉटिंगच्या आशेवर असलेल्या माणसाला तिचे मोल कळते.

अपघाताची जबाबदारी हा थोरल्या भावाचा पुढचा प्रश्न असेल. अमेरिकेतील राज्यांमध्ये असे कायदे आहेत की मालकाने मोबदला न घेता लोकांना करमणुकीसाठी जमीन वापरू दिली, तर अपघाताचा बोजा त्याच्यावर सहसा येत नाही. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. प्रश्न निष्काळजीपणाच्या सर्वसाधारण तत्त्वांवर ठरतो. त्यामुळे गटातील प्रत्येकाचे स्वतःच्या जोखमीवर येत असल्याचे लेखी निवेदन, प्रत्येकाचा वैयक्तिक अपघात विमा, आणि कोणी मालकाकडे भरपाई मागितली तर ती आम्ही सोसू असे भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 124 मधील क्षतिपूर्तीचे हमीपत्र, असे तीन कागद मी देतो. यांनी जबाबदारी शून्य होते असे मी कधीच सांगत नाही. गट नोंदणीकृत संस्था असेल तर हमीपत्राला वजन येते. नसेल तर दोघा-तिघांनी वैयक्तिक सह्या कराव्यात. सही करायला कोणी पुढे येत नसेल, तर मालकाने तरी आपल्यावर का विसंबावे?

पैशाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. वार्षिक रक्कम ठरवू नये. तिच्यामुळे परवानगीला खंडाचा वास येतो, अपघाताच्या वेळी मालकाने मोबदला घेतला होता हा मुद्दा उभा राहतो, आणि पुढच्या वर्षी शेजारचा शेतकरी दुप्पट मागतो. त्याऐवजी रानाला लागणारे काम करावे. फुटलेला बांध मालकाच्या सांगण्याप्रमाणे भरून द्यावा, विहिरीच्या कडेला दगडी कठडा घालायला हात लावावेत, माळावरच्या बाटल्या आणि काचा उचलून न्याव्यात. हिवाळ्यात हुरड्याला आपल्या गटाची माणसे त्याच्याच शेतात यावीत आणि बाजारभावाने पैसे मोजावेत. सोलापूरकराला हुरड्याचे निमित्त पुरते, आणि त्या व्यवहाराला कोणताही शेतकरी बिचकत नाही. स्पर्धा किंवा मोठा कार्यक्रम भरवणार असाल तर गोष्ट वेगळी. त्या दिवसांचा मोबदला उघडपणे द्यावा, त्याचा स्वतंत्र कागद करावा आणि पोलीस परवानगी, रुग्णवाहिका व विमा ही जबाबदारी आपण घ्यावी.

आपल्या पत्रात एक उल्लेख जाता जाता आला आहे, त्यावर मला थांबावेसे वाटते. गटाने ही वाट स्ट्रावा या सायकलफेऱ्या नोंदवण्याच्या अ‍ॅपवर टाकल्यापासून अनोळखी लोकही तिथे येऊ लागले, असे आपण लिहिले आहे. माझ्या अंदाजाने काट्या पडल्या त्या यामुळेच. परवानगी दहा-बारा ओळखीच्या चेहऱ्यांना होती, जगाला नव्हती. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील किंगडम ट्रेल्सचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. हे प्रसिद्ध जाळे मुख्यतः खाजगी जमिनींवर, मालकांच्या राजीखुशीवर उभे आहे. गर्दी वाढत गेली, काही सायकलस्वारांच्या वागण्याने मालक दुखावले, आणि डिसेंबर 2019 मध्ये तीन जमीनमालकांनी आपल्या जमिनीवर सायकलींना मनाई केली. संस्था मोठी होती, परिसराचे अर्थकारण तिच्यावर चालत होते, तरीही मालकांचा शब्द अखेरचा ठरला आणि तो मान्य करून नकाशे बदलावे लागले. आपल्याला करण्यासारखे सोपे काम हे की तो मार्ग आजच खाजगी करावा, जुन्या फेऱ्यांमधूनही काढावा आणि शेतात काम करणाऱ्या बायामाणसांचे चित्रण असलेले व्हिडिओ उतरवावेत. थोरल्या भावाला भेटायला जाताना हे आधीच केले आहे असे सांगता आले, तर त्याचा उपयोग कोणत्याही कागदापेक्षा जास्त होईल.

खाजगी माळाचा नाद सोडून गायरान किंवा वनखात्याच्या जागेवर जावे का, असा विचार मनात येणे साहजिक आहे. गायरान सरकारी मालकीचे आणि गावाच्या चराईसाठी राखलेले असते. नुसते फिरण्याला सहसा कोणी हरकत घेत नाही, पण तिथे वाट खणण्याचा अधिकार सरपंचांच्या तोंडी होकाराने मिळत नाही, आणि जगपाल सिंग प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या निकालानंतर सामाईक जमिनींवरील अतिक्रमणाकडे प्रशासन कडकपणे पाहते. नान्नज-मार्डीकडील माळढोक अभयारण्याच्या क्षेत्रात तर वाट आखण्याचा विचारही करू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली तिथे प्रवेशावर निर्बंध आहेत, आणि ते माळरान काळवीट, लांडगा आणि माळढोकासाठी राखले आहे. त्याचे तुकडे विखुरलेले असल्याने उत्तर सोलापुरात नवी वाट शोधताना मी आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात हद्द विचारून घेतो. गाव नकाशात दाखवलेले शिवरस्ते, गाडीवाटा आणि पाणंद मात्र सार्वजनिक असतात, आणि दोन परवानगीचे तुकडे जोडायला त्यांचा फार उपयोग होतो. त्यांतील कितीतरी आज नांगरले गेले आहेत. जे मोकळे आहेत तेवढेच वापरावेत, अडलेले उघडण्याच्या भानगडीत सायकलवाल्यांनी पडू नये.

या सगळ्यात परिस्थितीवर अवलंबून असलेले पुष्कळ आहे. दोन भावांत वाटणीचा वाद चालू असेल तर आपण काहीही केले तरी सही मिळणार नाही, आणि ती मिळवण्याचा प्रयत्नही करू नये. एका भावाच्या परवानगीने दुसऱ्याच्या विरोधात फिरणे म्हणजे त्यांच्या दाव्यातील साक्षीदार होणे आहे. जमीन विक्रीला निघाली असेल तर एका हंगामापुरतीच बोलणी करावीत. काही दुखावलेला मालक बोलायला तयार असतो पण कागद नको म्हणतो. तेव्हा मी आग्रह धरत नाही. आपल्या बाजूचे हमीपत्र, त्याची सही न मागता, त्याच्या हातात ठेवतो. आम्ही तुमच्या मर्जीने येतो आणि आमचा काही हक्क नाही, असे आपल्या सहीने लिहून दिलेले त्याच्या कामाचे असते, आणि त्याला स्वतःला काहीच लिहून द्यावे लागत नाही.

तेव्हा आता लगेच करायचे ते असे. गटातील सर्वांनी त्या माळावर जाणे थांबवावे, एकट्यादुकट्यानेही जाऊ नये. मार्ग खाजगी करावा, सातबारा पाहावा, गावातील ओळखीचा माणूस शोधावा. मग दोघांनी जाऊन थोरल्या भावाला भेटावे आणि फुटलेला बांध दाखवण्याची विनंती करावी. त्याने दाखवला तर येत्या रविवारी फावडी-घमेली घेऊन तो त्याच्या देखरेखीखाली भरून द्यावा, आणि त्या दिवशी परवानगीचा विषय काढू नये. तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत काढावा. तरीही नाही म्हणाला, तर आभार मानून त्याची जमीन पूर्ण वगळून वाट शेजारच्या मुरमाड पडीकातून वळवता येते का ते पाहावे. त्या शेजाऱ्याकडेही याच क्रमाने, सातबाऱ्यापासून सुरुवात करावी लागेल. थोरल्या भावाला पुन्हा विचारायचे झाले तर ज्वारीची रास घरात गेल्यानंतर, मार्चच्या अखेरीस विचारावे.